पाटकरी मंत्री झाला

नदीकाठच्या धामणखेडे गावात झुलाल नावाचा एक पाटकरी होता. नदीवर दगडी बंधारा होता. बंधाऱ्यातून पाट निघे आणि दीड कोस चालत जाऊन गावाची शेते भिजवी. शेतांचे पाच भाग होते. एकेका भागाला फड म्हणत. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाटकरी सोडील तेव्हाच पाणी घ्यायचे. पाटाला आपल्या हाताने कोणी तोंड फोडायचे नाही, मग तो पाटील असो की पुजारी.

पाटकरी नेमण्याची गावाची रीत होती. दर पाडव्याला माणसे बंधाऱ्यावर जमत आणि शेवटच्या फडातला माणूस निवडत. कारण साधे होते. पहिल्या फडातल्या माणसाला पाणी बसल्या जागी मिळते. पुढे काय झाले हे बघायला तो उठत नाही. शेवटच्या फडातल्याला मात्र आपल्या शेतापर्यंत पाणी न्यायचे तर सगळा पाट चालावा लागतो. दुसरा नियम याहून कडक होता. पाऊस कमी झाला तर पाणी आधी शेवटच्या फडाला द्यायचे, मग उलटे वर वर यायचे. आणि पाटकऱ्याचे स्वतःचे शेत सगळ्या गावाच्या मागून भिजायचे.

झुलालने हे नियम पाळले. सकाळी तो बंधाऱ्यावरून निघे आणि दुपारी शेवटच्या शेतात पोहोचे. गाळ दिसला की पाटात उतरून काढी. पावसाने ओढ दिलेल्या एका वर्षी पाटलाच्या मुलाने आपल्या शेतात जाणाऱ्या चारीचे, म्हणजे छोट्या पाटाचे, तोंड फोडले. झुलालने ते त्याच्यासमोर बुजवले आणि सांगितले, "पुन्हा फोडलंस तर माती आणायला जाणार नाही. तुलाच आडवा घालीन." मुलगा घरी गेला. पाटलाने मुलालाच सुनावले. असा तो काळ होता आणि असा तो पाटकरी होता.

अशा माणसाला लोक वर नेतात. गावाने त्याला सरपंच केले. तालुक्याने जिल्हा परिषदेवर पाठवले. मग तो आमदार झाला. आमदार असतानाही रविवारी येऊन पाट चालायचा. पाचव्या वर्षी त्याला मंत्रिमंडळात घेतले आणि खाते दिले पाटबंधाऱ्यांचे. गावात पेढे वाटले. इथपर्यंत कोणाचे काही चुकले नव्हते.

चूक पुढच्या पाडव्याला झाली. माणसे बंधाऱ्यावर जमली. धोंडूआबा गावात सगळ्यांत वडील. त्यांनी विचारले, यंदा पाटकरी कोण? तेव्हा एकजण म्हणाला की, आपला पाटकरी राज्याचा मंत्री झाला, त्याच्या जागी दुसऱ्याचे नाव घेणे म्हणजे त्याचा अपमान. सगळ्यांनी माना डोलावल्या. मंत्र्याला निरोप गेला. मंत्र्याचा उलटा निरोप आला की, मी कुठेही असलो तरी तुमचाच पाटकरी आहे. गाव खूश झाले. झुलालचे नाव तसेच ठेवले.

एकट्या केवळबाईने विचारले, "मग पाट कोण चालणार?"

केवळबाई झुलालची थोरली वहिनी. नवरा वारल्यावर घराचे शेवटच्या फडातले शेत तीच करत होती. तिच्या प्रश्नावर माणसे हसली. कोणी म्हणाले, "आता मोटारीतनं चालंल की तुझा दीर." त्यावर आणखी हसले. एवढ्या मोठ्या गावात हसायला सगळे होते, उत्तर द्यायला कोणी नव्हते.

अकरा वर्षे झाली तरी झुलाल मंत्रीच होता. दोन वेळा पक्ष बदलला, खाते बदलू दिले नाही. प्रत्येक सभेत सुरुवात ठरलेली असे. मी शेवटच्या फडातला पाटकरी आहे, असे तो म्हणे आणि लोक टाळ्या वाजवत. भिंतींवर त्याची चित्रे लागली, खांद्यावर फावडे घेतलेली. खऱ्या फावड्याला त्याने अकरा वर्षांत हात लावला नव्हता.

त्याने पहिल्या फडात, बंधाऱ्याला लागून, दहा एकर जमीन घेतली आणि तीत ऊस लावला. त्या फडात सगळ्यांचा हरभरा होता. उसाला बारमाही पाणी लागते, म्हणून पाटाच्या तोंडालाच त्याची चारी काढली. ती कधी बुजत नसे. गावाने पाहिले आणि गप्प बसले. मग पहिल्या फडातले बाकीचेही हाताने तोंडे फोडू लागले. मंत्र्याला चालते तर आम्हाला का नाही, असे ते म्हणत. त्यांना अडवणारा पाटकरी होता कुठे? खाली पाटात गाळ भरला, बोरीबाभळी उगवल्या. पाऊस चांगला होता तोवर कसेबसे निभावले.

मग एक वर्ष पाऊस गेला. बंधाऱ्यात एकाच पाळीचे, एकदा भिजवण्यापुरते, पाणी उरले. शेवटच्या फडात बावीस घरांचा गहू उभा होता. ओंबी बाहेर पडली होती, दाणा अजून कोवळा, चिकात होता. आठ दिवसांत एक पाणी मिळाले तर दाणा भरणार होता, नाहीतर फोल राहणार होता. तो गहू म्हणजे बावीस घरांचे वर्षाचे खाणे.

बावीस घरे धोंडूआबांकडे गेली. आबा म्हणाले की, नियम शेवटच्या फडाच्या बाजूने आहे, पण वरची तोंडे बुजवायचा हुकूम पाटकऱ्याचा लागतो. आपण हात लावला तर मारामाऱ्या होतील. पाटकऱ्याला बोलवा. दोनदा निरोप गेला. दोन्ही वेळा उत्तर आले की साहेब दौऱ्यावर आहेत. तेव्हा केवळबाईने भाकरी बांधली आणि एसटीने राजधानी गाठली.

मंत्र्याच्या बंगल्यावर ती सकाळपासून रांगेत बसली. दुपारी झुलाल बाहेर आला. तिला पाहताच त्याने सगळ्यांसमोर वाकून तिचे पाय धरले. फोटो निघाले. ज्या वहिनीने मला जेवू घातले तीच माझी आई, असे त्याने भोवतीच्या माणसांना सांगितले. कोणी शाल आणली.

केवळबाईने शाल घेतली नाही. ती म्हणाली, "भाऊजी, पाया पडू नका. पाटावर चला."

झुलाल हसला. राज्यातल्या सगळ्या धरणांचे पाणी माझ्या हातात आहे, तुम्ही आपल्या पाटाचे काय घेऊन बसलात, असे म्हणाला. इंजिनिअरला पाहणी करायला सांगतो, अहवाल येऊ दे.

"इंजिनिअर कशाला? गहू चिकात आहे, चारच दिवस राहिले. तुमच्या उसाची चारी बुजवा, पाणी आपोआप खाली येतं."

भोवतीची माणसे इकडेतिकडे बघू लागली. झुलाल हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, चारचौघांत असं बोलू नये."

"मग पाटकरकी सोडा. तसं सांगून द्या, आम्ही दुसरा नेमतो."

आता त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. ऊस वाळू द्यायचा किंवा नाव सोडायचे. ऊस त्याचा होता. आणि नाव सोडले तर सभेत बोलायचे काय? ज्या एका कामाने तो मोठा झाला ते काम चार दिवस पुन्हा करण्याची संधी त्याच्या दारात चालत आली होती. त्याने तिला सांगितले की, विचार करू. गाडीने स्टँडवर सोडायला माणूस दिला. केवळबाई पायी गेली.

गव्हाचे आठ दिवस संपले. दहा झाले. पाणी उसात जात राहिले. कुठल्याशा वर्तमानपत्रात छापून आले की मंत्र्याच्याच गावात पाणी नाही. त्याचा मात्र झुलालला फार राग आला. ओरड खोटी आहे, पाटाला पाणी आहे, मी स्वतः जाऊन जलपूजन करतो, असे त्याने जाहीर केले.

बाराव्या दिवशी तो आला. बंधाऱ्यावर मांडव घातला होता. पाटाच्या तोंडाशी खरेच पाणी होते. त्याने नारळ फोडला, हळदकुंकू वाहिले, फुले सोडली. फुले वाहत गेली आणि वीस पावलांवर वळून त्याच्या उसात शिरली. सगळ्यांनी पाहिले. टाळ्या तरी वाजल्या, कारण पुढच्या रांगा तालुक्याहून आणलेल्या होत्या.

मग बावीस घरे उठून पुढे आली. पोलीस आडवे आले, पण मंत्र्याची वहिनी पुढे होती म्हणून त्यांनी वाट दिली. केवळबाईच्या हातात गव्हाच्या ओंब्या होत्या. तिने त्या मंत्र्याच्या तळहातावर ठेवल्या.

"चोळून बघा," ती म्हणाली.

शेतकऱ्याचा हात तो. ओंब्या आल्या की आपोआप चोळतो. झुलालने चोळल्या आणि सवयीने फुंकर मारली. कुसळे उडाली, भुसा उडाला. तळहातावर काही राहिले नाही. एक दाणा नाही.

केवळबाई म्हणाली, "पाटकरी जिता असताना फड जळाला, असं या गावात आधी झालं नव्हतं."

झुलालने हात झटकला. भरपाई देऊ, पंचनामा करू, असे काही बोलू लागला. धोंडूआबांनी त्याला थांबवले. ते गावाकडे वळून म्हणाले की, याच्याआधी आपली चूक आहे. पाटावर पाय न ठेवणाऱ्याला आपण अकरा वर्षे पाटकरी म्हटले. त्याने फसवले नाही, आपण खूश होऊन फसलो. आजपासून हा पाटकरी नाही. पाटकरी केवळबाई.

बाई पाटकरी कधी झाली नव्हती. पण कोणी हसले नाही.

झुलालचा चेहरा लाल झाला. "मंत्र्याला काढता?"

"मंत्र्याला कोण काढतंय?" आबा म्हणाले. "मंत्री तू हो. राज्य बघ. आम्ही पाटकरी काढला."

केवळबाई पाटात उतरली. तिने उसाच्या चारीच्या तोंडात दगड टाकले आणि वर हातांनी माती लिंपू लागली. फौजदाराने मंत्र्याकडे पाहिले. मंत्र्याने कॅमेऱ्यांकडे पाहिले. काय हुकूम देणार होता? ती त्याचेच जुने काम करत होती. तिच्या मागून बावीस घरे पाटात उतरली. पहिल्या फडातल्यांनी एकमेकांकडे पाहिले, मग आपापल्या चाऱ्यांची तोंडे आपणच बुजवली. त्यांनाही लाज उरलेली होती, फक्त तिला कोणी विचारले नव्हते.

गाळातून, काट्यांतून वाट करत पाणी खाली निघाले. केवळबाई त्याच्या बरोबर चालली. मांडव मागे राहिला, भाषण राहून गेले. संध्याकाळच्या आत पाणी शेवटच्या फडात पोहोचले.

गहू मेला होता, तो उठला नाही. पाण्याला उशीर झाला की पाणी माफी मागून पीक उभे करत नाही. त्या ओलीवर बावीस घरांनी चाऱ्यासाठी कडवळ पेरले, त्यावर गुरे वाचली. माणसांनी ते वर्ष दुसऱ्यांच्या शेतांवर राबून काढले. त्यात मंत्र्याची वहिनीही होती. सकाळी ती पाट चालायची आणि दुपारी परक्याच्या बांधावर खुरपे धरायची.

झुलाल पुढेही काही वर्षे मंत्री होता. तो गावात यायचा तेव्हा लोक रामराम करायचे, चहा द्यायचे. पाण्याबद्दल त्याला कोणी एक शब्द विचारत नसे.

तात्पर्य: काम सोडून कामाचे नाव मिरवणारा चोर आहे, आणि मानाच्या भरात ते नाव त्याच्याकडे राहू देणारे गाव त्या चोरीत सामील आहे. माणूस कितीही मोठा झाला तरी ज्या दिवशी तो कामावरून उठला, त्या दिवशी त्याची जागा दुसऱ्याला द्यावी.