तटावरची शिवी

"शिवी अस्सल पाहिजे!" रणधीरराव महाराजांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "ऐकणाऱ्याच्या कानाला झिणझिण्या आल्या पाहिजेत!"

"आणि पोरीच्या तोंडून शिवी निघाली, तर तिला बापासकट संस्थानाबाहेर घालवीन!" चिकाच्या पडद्याआडून महाराजांच्या मातोश्री, आईसाहेब कडाडल्या.

बोलपट अडला तो इथे. कुंभेरीच्या महाराजांनी आपल्या आजोबांवर बोलपट काढायला घेतला होता. हे आजोबा एवढेसे असताना गनीम दाराशी आला, तेव्हा त्यांनी तटावर चढून म्हणे अशी एक सणसणीत शिवी हासडली, की गनिमाचा हत्ती मागे फिरला. संस्थानाच्या इतिहासात पराक्रम असा हा एकच, त्यामुळे तो गाळायची सोय नव्हती.

आजोबांचं काम करत होती गोजरा, पागेतले घोडे सांभाळणाऱ्या रावजी मोतद्दाराची लेक. सरदारांची मुलं कॅमेरा बघून भोकाड पसरत, ही पोर रडली नाही. डोक्यावर फेटाही शोभला, आणि आवाज असा की घोड्यांनी कान टवकारावेत. शिव्यांचं म्हणाल, तर पागेत वाढलेल्या पोरीला त्या शिकवाव्या लागत नाहीत.

"सरकार, मोठ्या माणसाचा आवाज घालू," दिग्दर्शकाने सुचवलं.

"आमचे आजोबा काय रेडा होते?" महाराज म्हणाले.

"आणि ओठ पोरीचेच हलणार ना? चालायचं नाही!" पडद्याने बजावलं.

बी. ए. झालेले दिवाणजी घसा खाकरून पुढे आले. "सरकार, शिवी संस्कृतात देऊ. 'रे नराधमा!' कशी वाटते?"

"गनीम पळाला असता खरा," महाराज म्हणाले, "पण शास्त्रीबुवांना अर्थ विचारायला!"

दिवाणजी मागे सरकले आणि महाराज हट्टाला पेटले. त्यांनी गोजराला समोर उभं केलं. "पोरी, शिवी ऐकू आली नाही, तर तुझ्या बापाची नोकरी गेली. पागेतली खोलीही गेली!"

"आणि तुझ्या तोंडून निघाली, तर संस्थान सुटलं!" आईसाहेब म्हणाल्या.

रावजीने हात जोडले. त्याचा बाप, आजा, सगळे त्याच पागेत राबले होते. तिच्याबाहेर कुठे जायचं हे त्याला ठाऊकच नव्हतं. गोजराने फेटा सावरला आणि विचारलं, "सरकार, शिवी समद्यास्नी ऐकू आली पायजे. पर माज्या तोंडातनं निघाय नगो. एवढंच न्हवं?"

"एवढंच!"

"मग त्या वक्ताला माज्या मनासारखं करू द्या. आन् पयला खेळ समद्या गावाला दावा. तुमी बी बसा, आईसायेब बी."

त्या दिवशी तटावर गोजरा, दिग्दर्शक आणि कॅमेरावाला एवढेच चढले. खाली उतरताना दिग्दर्शक पोट धरून हसत होता. काय झालं ते त्याने महाराजांनाही सांगितलं नाही.

खेळाच्या दिवशी मैदानातला तंबू खचाखच भरला. पडद्यावर गनिमाचा हत्ती दाराला भिडला. इवलासा राजपुत्र तटावर चढला, कमरेवर हात ठेवून ओरडला, "अरे ए गनिमा! तुझ्या—"

आणि पालथा हात तोंडावर आपटत त्याने लांबलचक बोंब ठोकली. शिमग्याची बोंब!

कुंभेरीची रीत अशी, की शिमग्याला एकाने नाव घेऊन बोंब ठोकायची आणि पुढचं सगळ्या गावाने पुरं करायचं. बोंब कानावर पडली की इथल्या माणसाचं तोंड त्याला न विचारता उघडतं.

तंबूचंही उघडलं! पेठेने दिली, पागेने दिली. हेडमास्तरांनी दिली आणि मग टोपीने तोंड झाकलं. दिवाणजी तर आपली बी. ए. साफ विसरले. महाराज खुर्चीवर उभे राहून, हात उंचावून देत होते. सगळे दमून गप्प झाले, तेव्हा चिकाच्या पडद्याआडचा एक नाजूक, खानदानी आवाज तेवढा उरला होता. तो जे म्हणाला, ते कुंभेरीत आजवर कोणी ऐकलं नव्हतं. बोलपटातला हत्ती मुकाट मागे फिरला.

दिवे लागले.

"हद्दपार करा त्या पोरीला!" आईसाहेब म्हणाल्या, पण आवाज जरा बसला होता.

"जाते की, आईसायेब," गोजरा म्हणाली. "पर म्या काय बोलले, तेवढं सांगा."

"तू म्हणालीस... तू..." आईसाहेब अडखळल्या. "काही नाही!"

"म्हणजे तू शिवी दिलीच नाहीस!" महाराज गरजले. "लबाड पोरी!"

"सरकारास्नी ऐकू न्हाई आली?"

"आली तर! चांगली ठणठणीत आली!"

"कुणाची?"

महाराजांनी खाली पाहिलं. ते अजून खुर्चीवरच उभे होते. "आमचीच," ते हळूच म्हणाले.

"मग झालं तर! थोरल्या सरकारांची शिवी नातवाच्या तोंडी शोभंल, का मोतद्दाराच्या पोरीच्या?"

महाराज असे हसले, की डोक्यावरचा मंदिल घरंगळून दिवाणजींच्या मांडीत पडला. "रावजी, आजपासून तू पागेचा दारोगा! आणि पोरी, तुला काय हवं ते माग!"

गोजराने चिकाच्या पडद्याकडे पाहिलं. "आईसायेबांची शिवी पुन्यांदा ऐकायचीय. तसली आमच्या पागेत न्हाई."

पडद्याआड बांगड्या किणकिणल्या आणि एक बोट बाहेर येऊन हललं. गोजरा आत गेली. आईसाहेबांनी तिचा कान धरून तिला जवळ ओढलं आणि त्या तिच्या कानात काहीतरी कुजबुजल्या. पोर बाहेर आली तेव्हा तिचे डोळे विस्फारलेले होते आणि हातांत आईसाहेबांच्या सोन्याच्या पाटल्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

"आईसाहेब, आणि तुमचा तो हुकूम?" महाराजांनी हसू दाबत विचारलं.

"हुकूम पोरीच्या तोंडाबद्दल होता, कानाबद्दल नव्हता!" आईसाहेब म्हणाल्या, आणि हसून हसून त्यांनी अख्खा चिकाचा पडदा हलवला.