उतरंडीवरचं मडकं

फार पूर्वी, मडक्यांनाही वाचा होती तेव्हा, नदीकाठी ठकूबाईच्या घरात एक उतरंड होती. सगळ्यात वरच्या मडक्यात राखेत घोळवलेलं बियाणं असायचं, नाचणीचं आणि वालाचं.

दर सुगीला टेकडीवरची सगुणा यायची, आणि ठकूबाई त्यातलं ओंजळभर बी तिच्या पदरात घालायची. मडकं चिडायचं.

"माझं पोट रिकामं करून तिचं घर का भरता?"

"लेकीसारखं बी दुसऱ्या घरीही नांदू दे."

"नांदून काय होतं?"

"ते मलाही बघायचंय," ठकूबाई हसली.

एका वर्षी ऐन पेरणीच्या तोंडावर नदी घरात शिरली. उतरंड कोसळली, खालची मडकी फुटली. वरचं तेवढं वाचलं, पण त्यातलं बी वाहून गेलं. पेरायला घरात दाणा उरला नाही.

पाणी ओसरल्यावर सगुणा आली. तिने पदराची गाठ सोडून मडक्यात बी ओतलं.

"हे कुणाचं?" मडक्याने विचारलं.

"वास घेऊन बघ," ठकूबाई म्हणाली.

राख सगुणाच्या चुलीतली होती. वाल मात्र ओळखीचे होते.

पुढच्या सुगीला सगुणा दारात दिसताच मडक्याने विचारलं, "ठकूबाई, नदीपलीकडे कोण राहतं हो?"