भित्र्या भागोजीची धाव

नदी जिथे मोठा वळसा घेते, तिथे एक गाव होतं आणि त्या गावात एक भित्रा माणूस राहत होता. नाव त्याचं भागोजी. गंमत अशी, की हा भित्रा माणूस काम करायचा विजेचं.

त्या गावची कुंभारआळी मोठी. काठी घालून फिरवायची जड चाकं तिथून केव्हाच गेली होती. घरोघरी विजेवर फिरणारी लोखंडी चाकं आली होती आणि आता तीही म्हातारी झाली होती. कुणाचा पट्टा घसरायचा, कुणाचं बेअरिंग करकरायचं, कुणाची मोटर नुसतीच हूं हूं करायची आणि चाक जागचं हलायचं नाही. पण नवं चाक आणायचं नाव कुणी काढत नसे. जुन्या चाकावर हात बसलेला असतो. तो नव्या चाकावर बसेपर्यंत निम्मी मडकी वाकडी होतात.

ही चाकं दुरुस्त करणारे गावात दोघेच. एक दौलू आणि दुसरा भागोजी.

दौलू तरणाबांड, बोलायला खणखणीत. वायरीत करंट आहे की नाही, हे तो बोटाच्या पाठीनं बघायचा. झटका बसला की हात झटकून हसायचा, "आहे, आहे, जिवंत आहे!" लोकांना त्याचं भारी कौतुक. चाक चालू ठेवूनच तो खाली हात घालायचा आणि बघणारे श्वास रोखून बघत बसायचे.

भागोजीचं सगळं उलटं. तो आधी भिंतीतला प्लग काढायचा. मग तो प्लग स्वतःच्या खिशात घालता येत नाही म्हणून निदान डोळ्यांसमोर ठेवायचा. मग पायाखाली कोरडा लाकडी पाट घ्यायचा, हात फडक्याला पुन्हा पुन्हा पुसायचा आणि करंट तपासायची वेळ आली, की डावा हात पाठीमागे धरून फक्त उजव्या हातानं काम करायचा. आळीतले लोक हसायचे. कुणीतरी हमखास ओरडायचं, "भागोजी आला रे! पाट मांडा, नवरदेवाला उभं राहायचंय!"

भागोजीही ओशाळं हसायचा. काय सांगणार? हे काम त्याला त्याच्या मामानं शिकवलं होतं. मामाही दौलूसारखाच बेधडक होता. एकदा भागोजीच्या डोळ्यांदेखत मामाचा हात चाकाच्या लोखंडी पायाला चिकटला. मामाला ओरडायचं होतं, पण जबडा मिटून गेला होता. डोळे मात्र उघडे होते आणि ते भागोजीकडेच बघत होते. मामा जगला, पण त्या हाताची बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. तेव्हापासून प्रत्येक चाकापाशी बसताना भागोजीला भीती वाटायची. इतकी वर्षं झाली, तरी वाटायचीच.

संक्रांत जवळ आली. आळीत सुगडांची घाई उडाली. सगळी चाकं दिवसभर घरघरत होती आणि नेमकं यसाबाईचं चाक बंद पडलं. यसाबाई म्हणजे आळीतली सगळ्यात कसबी कुंभारीण. तिच्या सुगडांना बाजारात वेगळी जागा असे. दौलू दुसऱ्यांच्या चाकांत अडकला होता, म्हणून तिनं भागोजीला बोलावलं.

भागोजीनं पट्टा बदलला, बेअरिंगमधली सुकलेली माती खरवडून काढली, ग्रीस भरलं. चाक हलकं फिरायला लागलं. यसाबाई खूश झाली. पण भागोजी उठला नाही. तो पालथा पडून चाकाच्या पोटात बघत राहिला. चिखलपाण्याचा ओघळ वरच्या थाळीतून थेट मोटरपर्यंत उतरला होता. आणि करंट फुटला तर तो जमिनीत नेऊन सोडणारी जी अर्थिंगची वायर, ती सांध्यापाशी हिरवी पडून कुजली होती. बोट लावताच ती तुटून हातात आली.

"यसाकाकू," तो उठत म्हणाला, "हे चाक आज चालवू नका. मोटर उघडून उन्हात वाळवावी लागेल. ही वायरही नवी घालायला पाहिजे."

"आज?" यसाबाईनं कपाळाला हात लावला. "अरे, बाजार तोंडावर आलाय! माती मळून तयार आहे. आणि आत्ता तर फिरलं ना चाक?"

"फिरतंय. पण मला भीती वाटते, काकू."

एव्हाना शेजारपाजारचे गोळा झाले होते. त्यांच्यात दौलूही येऊन उभा राहिला होता. भागोजीचं शेवटचं वाक्य ऐकून तो खो खो हसला.

"भागोजीदादा, तुम्हाला कशाची भीती वाटत नाही ते सांगा! एवढ्याशा ओलीला घाबरायचं?" त्यानं पुढे होऊन प्लग लावला, चाक चालू केलं आणि लोखंडी चौकटीवर तळवा थाडकन ठेवला. लोकांनी श्वास रोखला. काही झालं नाही. दौलूनं तळवा तसाच ठेवून दुसऱ्या हातानं मिशीला पीळ दिला. "बघा! मेलो का मी?"

सगळे हसले. यसाबाईसुद्धा हसली. कुणीतरी म्हणालं, "भागोजीला आता बांगड्या भरा!"

भागोजीचे कान तापले. आपण खरंच उगाच भितो की काय, असं त्याला वाटून गेलं. खाली बघतच त्यानं हत्यारं पिशवीत भरली.

"चालवा मग," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

घर त्याचं गावाच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्यापलीकडे. ऊन चांगलं पडलं होतं, बोरं विकणाऱ्या बायका हाका घालत होत्या. पण भागोजीला काही ऐकू येत नव्हतं. दौलूचा तो तळवा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. हात ठेवला, आणि काही झालं नाही. का झालं नाही?

ओढ्याच्या काठावर आल्यावर त्यानं पायातल्या वहाणा काढल्या, पाण्यात पाऊल घातलं आणि तिथेच थिजून उभा राहिला.

दौलूच्या पायात जाड रबरी चपला होत्या. हातही कोरडे होते. आणि चाक तेव्हा नुकतंच चालू झालं होतं. तापलेल्या मोटरीत ओल कशी पसरते, ते कुणी बघितलं होतं? पण कुंभारीण चाकावर बसते ती अनवाणी, ओल्या जमिनीवर पाय रोवून. तिचे हात कोपरापर्यंत पाण्यात असतात.

"आणि माझ्या तोंडून गेलं, चालवा," भागोजी पुटपुटला.

परत जावं, तर सगळी आळी पुन्हा हसणार. या वेळी तर पोरंसोरं मागे लागतील. उद्यापासून कुणी कामाला बोलावणार नाही. न जावं, तर... मामाचे ते उघडे डोळे त्याला आठवले. फक्त या वेळी चेहरा मामाचा नव्हता.

वहाणा काठावरच टाकून भागोजी वळला आणि धावत सुटला. धावताना पिशवीतले पकडी-पाने खणखण वाजत होते. पारावरच्या एकानं विचारलं, "काय भागोजी, भूत बघितलंस की काय?"

"बघायच्या आत पोचायचंय!" भागोजी न थांबता ओरडला.

आळीच्या तोंडाशी आल्यावर त्यानं कान दिला. चाकं तर सगळ्याच घरांतून घरघरत होती. पण यसाबाईच्या मोटरीचा आवाज त्याच्या ओळखीचा होता. ती चालू होती. म्हणजे कुणीतरी चाकावर बसलं होतं. तसाच धावत तो यसाबाईच्या पडवीत शिरला.

चाकावर यसाबाई नव्हती, तिची सून मंजुळा होती. अनवाणी. पायाखाली पाणी सांडलेलं. थाळीवर मातीचा पहिलाच गोळा फिरत होता आणि मंजुळेनं दोन्ही हात नुकतेच पाण्याच्या कुंड्यात बुडवले होते.

भागोजीला किंचाळावंसं वाटलं. पण किंचाळलो तर पोर दचकेल, आणि दचकलेलं माणूस जे समोर असेल ते धरतं. समोर लोखंड होतं. त्यानं तोंड आवळून धरलं. आवाज शक्य तितका साधा ठेवून तो म्हणाला, "मंजुळा, पोरी, हात वर घे बरं. कशाला लावू नको. असेच वर धर."

"काय झालं, भागोजीमामा?" मंजुळेनं हसतच विचारलं.

"सांगतो. आधी वर."

तिनं हात वर धरले. बोटांवरून पाणी ठिबकत होतं. भागोजी भिंतीच्या कडेनं सरकत प्लगपाशी गेला. प्लग पहिल्या फटक्यात निघालाच नाही. मग निघाला. चाक हळूहळू मंदावलं आणि थांबलं. भागोजी तिथेच भिंतीला टेकून खाली बसला.

यसाबाई आतून तणतणत आली. "आता रे काय काढलंस? मघा तूच म्हणालास ना, चालवा?"

"म्हणालो, काकू. लोक हसले म्हणून म्हणालो. चुकलं माझं."

गलका ऐकून पुन्हा माणसं जमली. दौलूही आला. तो तसाच कामावरून उठून आला होता. हात मनगटापर्यंत ओले होते. "थांबा, मीच दाखवतो पुन्हा," असं म्हणत तो चाकाकडे निघाला, तसा भागोजी उठून त्याच्या आडवा उभा राहिला.

"हात लावायचा नाही, दौलू."

भागोजी इतक्या जोरानं कधी कुणाशी बोलला नव्हता. दौलू थबकला.

भागोजीनं पाट मागून घेतला. हात पुसले. सगळ्यांना लांब सरकवलं आणि मंजुळेला उठवून ओट्यावर बसवलं. मग प्लग लावून तो पाटावर उभा राहिला. डावा हात पाठीमागे घेतला. त्या दिवशी कुणी हसलं नाही. उजव्या हातातल्या टेस्टरचं टोक त्यानं त्या चौकटीला लावलं, जिथे दौलूनं तळवा ठेवला होता.

टेस्टरमधला दिवा लालभडक पेटला.

यसाबाईनं एकदा त्या दिव्याकडे पाहिलं, एकदा सुनेच्या ओल्या हातांकडे, आणि ती पदरानं ते हात पुसायला लागली.

"पण मघाशी मी हात ठेवला होता की!" दौलू म्हणाला.

"मघाशी तुझ्या पायात रबर होतं, हात कोरडे होते आणि मोटर थंड होती," भागोजी म्हणाला. "आता चालून चालून ती तापलीय आणि ओल सगळीकडे शिरलीय. ही पोर अनवाणी बसली होती."

दौलूनं आपल्या ओल्या तळव्यांकडे पाहिलं. मग त्यानं भागोजीचं फडकं उचललं आणि ते पुन्हा पुन्हा पुसले.

यसाबाईचं चाक उघडलं गेलं. मोटर उन्हात पडली, नवी वायर आली. त्या वर्षी यसाबाईची सुगडं बाजारात कमी गेली, पण त्याबद्दल ती कुणाकडे अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून आळीतल्या घराघरातून भागोजीला बोलावणं यायला लागलं, की आमच्याही चाकाच्या पोटात एकदा बघून जा. बऱ्याच चाकांच्या वायरी तशाच कुजलेल्या निघाल्या. त्या बदलताना पकडी-पाने हातात द्यायला दौलू बसायचा, फार न बोलता.

एके दुपारी भागोजी काम संपवून उठत असताना यसाबाईनं विचारलं, "भागोजी, त्या दिवशी तू परत का आलास रे? कुणी बोलावलं तर नव्हतं."

"भीती वाटली, काकू."

"मग आधी निघून का गेलास?"

"तेव्हाही भीतीच वाटली," तो म्हणाला. "पण ती तुमच्या हसण्याची होती."

तर बाळांनो, तात्पर्य एवढंच: लोकांच्या हसण्याला भिऊन खऱ्या धोक्यापुढे गप्प बसू नये. भ्यायचंच असेल, तर कुणाच्या तरी जिवासाठी भ्यावं.