ढोलीचा उंबरठा

सात रानांचं मिळून एक मोठं पंचमंडळ होतं, त्या काळची ही गोष्ट. ढोलीतून पिल्लं पडू नयेत म्हणून मंडळानं ठरवलं, की प्रत्येक ढोलीला उंबरठा हवा. तो कसा करायचा, याचा कायदा ज्या त्या रानानं दोन वर्षांत करावा.

एकटीनं पिल्लं वाढवणाऱ्या एका साळुंकीच्या तीन पिल्लांतलं एक ढोलीतून पडून मेलं. साळुंकी उंबरठा मागायला ढोली कोरून देणाऱ्या सुतारपक्ष्याकडं गेली. तो म्हणाला, "ठराव रानांना आहे, बाई. मला आपल्या रानाचा कायदा लागू, आणि तो अजून कुठं झालाय?"

ती कारभारी घुबडाकडं गेली. "मुदतीला चार दिवस आहेत," घुबड म्हणालं. "उंबरठा एक चोच उंच की दोन, यावर खल चाललाय."

चौथ्या दिवशी कायदा झाला. साळुंकी धावत सुतारपक्ष्याकडं गेली. "आता येतोस ना?"

"कायदा आजपासून कोरलेल्या ढोल्यांना आहे. तुझी जुनी."

साळुंकी परतली तेव्हा दोन्ही पिल्लं भुकेनं ओरडत ढोलीच्या तोंडाशी सरकत होती. तिनं पंख आडवा धरला. चारा आणायचा, तर तो पंख काढावा लागणार होता.