पिटुकलीचा लाडू गेला कुठे?

उंच उंच डोंगर. दाट दाट जंगल. काट्याकुट्यांची वाट.

तिघं मित्र निघाले डोंगर चढायला. पिटुकली उंदरी, झुपकी खार आणि ढब्बू कासव.

लाडू एकच. शेंगदाण्याचा. माथ्यावर पोचायचं, मग तिघांनी खायचा. लाडू होता पिटुकलीच्या डोक्यावर.

चढ आला. पिटुकली ठेचकाळली. लाडू सुटला. गडगड गडगड गडगड! शिरला एका दगडाखाली.

झुपकीने मागे वळून पाहिलं. "लाडू कुठाय?"

"दगडाखाली गेला."

झुपकी वाकली. आत अंधार. काही दिसेना. झुपकीने डोळे बारीक केले.

"हं! मला संशय येतोय! तूच खाल्लास!"

"नाही गं! शप्पथ नाही!"

"मग दाखव लाडू. नाहीतर तू जा घरी. आम्ही जातो वर."

पिटुकलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं. गेली दगडाकडे.

"दगडोबा, दगडोबा, जरा सरका ना. लाडू मिळेना!"

दगडोबांनी डोळे बारीक केले. "हं! मला संशय येतोय! मी सरकलो नि गडगडत खाली गेलो तर? पारंबी मला धरेल, तर मी सरकेन."

पिटुकली गेली पारंबीकडे. लुटुलुटु लुटुलुटु.

"पारंबीताई, पारंबीताई, दगडाला धर ना. दगड सरकेना, लाडू मिळेना!"

पारंबीताईने डोळे बारीक केले. "हं! मला संशय येतोय! मी आहे वाळलेली. वाकले नि काडकन मोडले तर? ओढा मला भिजवेल, तर मी धरेन."

पिटुकली गेली ओढ्याकडे. लुटुलुटु लुटुलुटु.

"ओढेदादा, ओढेदादा, पारंबीला भिजवा ना. पारंबी धरेना, दगड सरकेना, लाडू मिळेना!"

ओढेदादाने डोळे बारीक केले. "हं! मला संशय येतोय! मी तिकडे वळलो नि वाळूत हरवलो तर? खेकडा वाट खणेल, तर मी भिजवेन."

पिटुकली गेली खेकड्याकडे. लुटुलुटु लुटुलुटु.

"खेकडेमामा, खेकडेमामा, वाट खणा ना. ओढा भिजवेना, पारंबी धरेना, दगड सरकेना, लाडू मिळेना!"

खेकडेमामा बिळातच बसले. आतूनच डोळे बारीक केले. "हं! मला संशय येतोय! मी बाहेर आलो नि बगळ्याने मला मटकावलं तर? बगळा उडेल, तर मी खणेन."

पिटुकली गेली बगळ्याकडे. लुटुलुटु लुटुलुटु.

"बगळेकाका, बगळेकाका, जरा उडा ना. खेकडा खणेना, ओढा भिजवेना, पारंबी धरेना, दगड सरकेना, लाडू मिळेना!"

बगळेकाका एका पायावर उभे. त्यांनी डोळे बारीक केले. "हं! मला संशय येतोय! मी उडालो नि माझी जागा कुणी पळवली तर? कासव जागा राखेल, तर मी उडेन."

पिटुकली गेली ढब्बूकडे. लुटुलुटु... लुटु... लुटु... दमली बिचारी!

"ढब्बू, ढब्बू, बगळ्याची जागा राख ना. बगळा उडेना, खेकडा खणेना, ओढा भिजवेना, पारंबी धरेना, दगड सरकेना, लाडू मिळेना!"

ढब्बूने तिच्याकडे पाहिलं. पाय चिखलाने माखलेले. शेपटीत काटा रुतलेला.

ढब्बूने डोळे बारीक केले नाहीत. चांगले मोठ्ठे उघडले.

"मला नाही संशय येत," ढब्बू म्हणाला. "लाडू खाल्ला असतास, तर इतकी कशाला फिरली असतीस? चल, मी बसतो!"

आणि मग काय!

ढब्बू बसला, डुबुक!
बगळा उडाला, फडफड फडफड!
खेकड्याने वाट खणली, खर्र खर्र!
ओढा वळला, खळखळ खळखळ!
पारंबी भिजली, वाकली, तिने दगडाला घट्ट धरलं.
दगड सरकला, घर्रर्रर्र!

आणि खाली... लाडू! अख्खाच्या अख्खा!

झुपकीची शेपटी खाली गेली. कान खाली गेले.

"चुकलं माझं, पिटुकली. मी उगाच तुझ्यावर संशय घेतला."

"गेला का आता संशय?"

"गेला! पार गेला!"

तिकडे बगळेकाका परत आले. जागा इकडून पाहिली. जागा तिकडून पाहिली. "हं! होती तेवढीच आहे."

लाडू झुपकीने उचलला. फू फू करून माती उडवली. आणि ठेवला पिटुकलीच्याच डोक्यावर.

निघाले तिघं. वर, वर, आणखी वर. काटे टोचले, आई गं! पाय घसरले, सर्रर्र! दम लागला, हुश्श हुश्श!

आला माथा! गार गार वारा!

लाडू फोडला. एक तुकडा ढब्बूला. एक तुकडा झुपकीला. आणि सगळ्यात मोठ्ठा तुकडा?

पिटुकलीला! झुपकीने स्वतःच्या हाताने भरवला.

लाडू पोटात, गोष्ट ओठांत!