परत आलेल्या शिपायाचा वीरगळ

विषय : लढाईत न मेलेल्या शिपायाचा वीरगळ वेशीवर कायम ठेवणे व त्याच्या कोऱ्या पाठीवर शिपायाचे उरलेले आयुष्य कोरण्यास परवानगी मिळणे, याबाबत.

अर्जदार : सदर शिपायाची मुलगी, गोजरा.

फार फार जुन्या काळी, राजे घोड्यावरून फिरत आणि कारकून तेव्हाही बसूनच असत, त्या काळी राज्याच्या सीमेवर एक गाव होतं. तिथला शिपाई लढाईत पडला की वेशीवर त्याचा वीरगळ उभा राही. दगडावर खाली लढणारा वीर, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वर महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर.

सिदोजी शिपाई पडल्याची बातमी आली, तेव्हा त्याचाही वीरगळ उभा राहिला. पण त्यावरचा शेंदूर वाळतो न वाळतो तोच सिदोजी लंगडत वेशीतून आत आला.

त्याने दगड नीट न्याहाळला. “नाक झकास काढलंयस,” तो पाथरवटाला म्हणाला, “पण या अप्सरा बायकोनं पाहिल्या तर माझं काही खरं नाही.”

उभा केलेला वीरगळ गावाने पाडायचा नाही, अशी रीत होती. त्यामुळे सिदोजी पुढचं सगळं आयुष्य स्वतःच्याच वीरगळाशेजारी जगला. सणाला दगडापुढे नारळ फुटे, त्याचं खोबरं तोच खाई. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा तो चुलीपुढे बसून भाकऱ्या थापायला शिकला. पहिल्या काही भाकऱ्या ढाली म्हणून खपल्या असत्या. गोजराची वेणी तो अशी घट्ट घाली, की तिचे डोळे दिवसभर ताणलेले राहत. लढाईला निघालेले शिपाई दगडाच्या पाया पडायला आले, की त्यांना बाजूला घेऊन सांगे, “शर्थीनं लढा. पण या बायका दगडावरच बऱ्या दिसतात. घरी या.”

शेवटी पुष्कळ म्हातारा होऊन, नातवंडांना दटावता दटावता, तो आपल्या अंथरुणातच वारला. तिथेच प्रकरण बिघडलं.

दरबारचा कारभारी हुकूम घेऊन आला : वीरगळ खोटा ठरतो, सबब तो उपटून घोड्यांच्या पागेला पायरी म्हणून लावावा. गोजरा दगडाला पाठ टेकून उभी राहिली.

“बाई, बाजूला हो. तुझा बाप लढाईत मेला नाही.”

“लढला तर होता ना?”

“लढणं वेगळं. हा खोकल्यानं गेला.”

“म्हणजे तेव्हाच मेला असता, तर सरकारची सोय झाली असती?”

कारभाऱ्याने घसा साफ केला. सोय खरोखरच झाली असती.

“बरं, परत येऊन त्यानं केलं काय?”

“आईला घास भरवले. आम्हाला वाढवलं. झोपेत लढाई दिसून किंचाळत उठायचा आणि सकाळी आम्हाला हसवायचा.”

“याला पराक्रम म्हणत नाहीत.”

“मग एक दिवस करून बघा, सरकार.”

प्रकरण राजापुढे गेलं. गोजराने मागणं मांडलं : पुढची बाजू आहे तशी राहू द्या, आणि मागे हे सगळं कोरू द्या, भाकऱ्यांसकट.

राजा म्हणाला, “तुमच्या गावचे शिपाई लढाईतून फार परत येतात, अशी सेनापतींची तक्रार आहे.”

“खरंय महाराज. म्हणून तर पुढच्या लढाईला तुम्हाला तेच पुन्हा मिळतात.”

राजा खदखदून हसला. सेनापती हसले नाहीत, हे पाहून मग जरा सावरून बसला. गोजरा आणि सेनापती, दोघांनाही दुखवायचं नव्हतं, म्हणून त्याने राजेलोक देतात तसा हुकूम दिला : “अर्ज रीतसर घ्या. निकाल लागेपर्यंत दगडाला कुणी हात लावायचा नाही.”

अर्ज युद्धखात्याकडे गेला. भाकरी हा आपला विषय नाही, असं त्यांनी कळवलं. मग तो कोठारखात्याकडे गेला. वीरगळ हा आपला विषय नाही, असं त्यांनी कळवलं. दोन्ही खात्यांचं म्हणणं बिनचूक होतं.

पाथरवट छिन्नीला धार लावून कंटाळला. “गोजरे, एकदा दरबारात आठवण तरी करून दे.”

“खबरदार काका! उद्या निकाल विरुद्ध लागला म्हणजे? अर्ज पडून आहे, म्हणून दगड उभा आहे. कोरायचं ते आम्ही तोंडानं कोरू.”

आणि तसंच झालं. लढाईला निघालेला शिपाई वीरगळाच्या पुढच्या बाजूला डोकं टेकतो, मग वळसा घालून मागे जातो. तिथे गावातल्या बाया त्या कोऱ्या दगडावर हात ठेवून त्याला सिदोजीचं उरलेलं आयुष्य सांगतात. त्यात भाकऱ्या दरवेळी थोड्या आणखी जाड होतात. अजूनही त्या गावचे शिपाई पुष्कळ परत येतात. सेनापतींची तक्रार चालू आहे.

तात्पर्य : लढाईत मेलेल्याची आठवण दगड ठेवतो, पण परत येऊन घर जगवणाऱ्याची आठवण माणसांनाच ठेवावी लागते.

गोजराच्या अर्जावर अद्याप निर्णय झालेला नाही.