डोहाची पाळी

वेत्रा नदीच्या तीरावर शंखपूर नावाचे नगर होते. तेथे राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी जवळच्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी जन्म घेतला. त्या मुलाचे नाव सुदंत.

गावाने नदीवर दगडी बांध घातला होता. बांधातले पाणी पाटाने शेतांना मिळे आणि प्रत्येक घराची पाळी ठरलेली असे. पाळी मोजायला तांब्याचे एक पात्र होते, त्याच्या बुडाला बारीक भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ते सोडायचे. भरून बुडाले की पाळी संपली. ते राखण्याचे काम सुदंताकडे होते. त्याच्याखेरीज आणि ज्याची पाळी असेल त्याच्याखेरीज पात्राला कोणी हात लावत नसे. पात्रात लबाडी केली, तर त्या घराला पुन्हा कधीच पाणी मिळत नसे.

एका वर्षी पाऊस मध्येच थांबला. बांधाखालचा डोह आटू लागला. वेत्रेतले सोनेरी खवल्यांचे मासे आता तेवढ्या डोहातच उरले होते. सुदंत गावाला म्हणाला, "माझी पाळी मी डोहाला देतो."

"एवढी माया आहे तर माशांनाच नांगराला जुंप की!" शेजारचा कालक म्हणाला. सगळे हसले.

भद्रिलही हसला, पण त्याच्या डोक्यात दुसरेच होते. सुदंताच्या आधीची पाळी त्याची होती. त्याचे भात फुलोऱ्यावर आले होते आणि जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. एका पाळीत सगळे शेत भिजणार नव्हते. घरात लहान लेकरे होती.

पाळीच्या दिवशी त्याने पात्राच्या भोकात मेणाचा थेंब दाबला आणि ते घंगाळात सोडले.

पाणी शेतात शिरले. वरचा तुकडा भिजला, मग मधला. "अहो, अजून थोडं!" त्याची बायको नंदा शेताच्या टोकावरून ओरडली. "खालचा तुकडा कोरडाच आहे!" भद्रिल जागचा हलला नाही. पात्र तरंगत होते.

झाडाची सावली घंगाळावरून पलीकडे सरकली, तरी पात्र तरंगतच होते.

"अजून बुडालं नाही?" कालक जवळ आला. "माझ्या पाळीला तर डोळा लवेपर्यंत बुडतं." आणखी लोक गोळा झाले. कालक घंगाळावर वाकला.

सुदंताने पात्राकडे पाहिले. मग खाली डोहाकडे. तिथे एका माशाचे पांढरे पोट पाण्यावर आले होते. त्याने नजर उचलून भद्रिलकडे पाहिले आणि भद्रिलला कळून चुकले, की याला सगळे ठाऊक आहे. हा बोलला तर आपली लेकरे गेली. गप्प बसला तर ते मासे गेले.

"भद्रिल," सुदंत शांतपणे म्हणाला, "भोकात काहीतरी अडकलंय. डोहावर जा आणि पात्र धुऊन आण."

"काय अडकलंय? इथंच बघू की!" कालक म्हणाला.

"पाळी त्याची आहे, पात्रही त्याच्याच हातात जाईल. तू मागे सर, बाबा."

भद्रिल पात्र घेऊन उतरला. डोहात घोट्याएवढे पाणी होते. मासे एकमेकांना चिकटून आडवे पडले होते, त्यांचे कल्ले उघडत होते, मिटत होते. भद्रिल वाकला तशी त्याची सावली पाण्यावर पडली, आणि एक मासा कष्टाने सरकत त्या सावलीत येऊन थांबला.

वरून कोणाला काही दिसत नव्हते. मेण आणखी आत दाबता आले असते. भद्रिलने नखाने ते खरवडून काढले.

वर येऊन त्याने पात्र घंगाळात सोडलेच नाही. फावडे उचलले, आपल्या शेताच्या तोंडाशी गेला आणि माती ओढून पाणी बंद केले.

"माझी पाळी केव्हाच संपली," तो म्हणाला.

नंदा टोकावरून ओरडत राहिली. कालकाने तोंड उघडले, पण सुदंत तोवर बांधाची मोरी मोकळी करायला गेला होता. पाणी दगडांवरून डोहात पडू लागले, तसे सगळे तिकडेच पाहत राहिले.

त्या वर्षी सुदंताचे भात उभ्या उभ्या वाळले. भद्रिलचा खालचा तुकडाही गेला. मळणी झाल्यावर त्याने धान्याचे दोन सारखे ढीग केले आणि एक सुदंताच्या अंगणात नेऊन ओतला. टोपली नंदानेच धरली होती. "दादांच्या घरी चूल नको का पेटायला?" एवढेच ती बोलली.

पुढच्या वर्षी पाळ्या ठरवायला गाव बसले, तेव्हा कालकच म्हणाला, "आणि डोहाची पाळी कोणाच्या मागे लावायची?" मग प्रत्येक घराने आपल्या पाण्यातले थोडे थोडे काढून डोहाला एका घराचा वाटा दिला.

ही कथा सांगून भगवान शास्ते आपल्या भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा कालक म्हणजे दुसऱ्याच्या भिक्षापात्रात काय पडले हे आजही वाकून पाहणारा आपला तिस्सक. तेव्हाची नंदा म्हणजे विहाराला धान्य देणारी उपासिका सोमा. भद्रिल म्हणजे नदीवर पात्र धुताना शेवटचा घास माशांना टाकणारा स्थविर उत्तिय. आणि पात्र राखणारा सुदंत मीच होतो."

तिस्सकाने मान खाली घातली. उत्तियाने आपले पात्र उलटे करून त्याच्या बुडावरून नख फिरवले.

चुकलेल्याला परत फिरायला वाट ठेवते, ती करुणा.